एका बापाचा दावा

३ सप्टेंबर १८६४. अमेरिकेतले यादवी युद्ध चौथ्या वर्षात होते. मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस शहरालगतच्या बेंटन बरॅक्स या लष्करी तळाच्या इस्पितळात संधिवाताने आजारी असलेल्या एका शिपायाची दोन पत्रे या तारखेची आहेत. शिपायाचे नाव स्पॉट्सवुड राइस. पलटण अमेरिकेच्या कृष्णवर्णीय सैन्याची ६७वी. सात महिन्यांपूर्वीपर्यंत राइस गुलाम होते. पहिले पत्र त्यांनी आपल्या दोन मुलींना लिहिले. दुसरे पत्र किटी डिग्ज या गोऱ्या बाईंना होते. कायद्याच्या दृष्टीने राइस यांची मुलगी मेरी ही या बाईंची मालमत्ता होती.

या दोन पत्रांना जोडून आणखी दोन कागद वाचावे लागतात. एक, त्याच महिन्याच्या १० तारखेला एफ. डब्ल्यू. डिग्ज यांनी सेनापतीकडे केलेली तक्रार. दुसरा, तब्बल ७३ वर्षांनंतर, १९३७ साली, सेंट लुइसमध्ये ८५ वर्षांच्या मेरी बेल यांची टिपून घेतलेली मुलाखत. या मेरी बेल म्हणजेच त्या पत्रातली मेरी. बापाची पत्रे, मालकाची तक्रार आणि लेकीची आठवण अशा तिन्ही बाजूंचे कागद एकाच गुलाम कुटुंबाबद्दल शिल्लक असणे फार दुर्मीळ आहे. ते शेजारी शेजारी ठेवले की कायद्याने ज्याला बाप म्हणून जागाच दिली नव्हती, त्या माणसाने ती जागा कशी मिळवली हे टप्प्याटप्प्याने दिसू लागते.

आधी तो कायदा पाहू. मूल आईच्या दर्जाने ओळखले जाईल, हा नियम व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ साली केला आणि गुलामी असलेल्या सगळ्या प्रदेशांत तो रुजला. आई गुलाम तर मूल गुलाम, आणि आईचा मालक तोच मुलाचा मालक. बाप कोण, हा प्रश्न कायद्याने विचारलाच नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची जी वेगळी यादी केली, तिच्यात मालकाच्या नावाखाली प्रत्येकाचे वय, लिंग आणि वर्ण आहे. बहुतेक ठिकाणी नावही नाही, मग नाते कुठले? मिसूरीत १८६० साली १,१४,९३१ माणसे अशा रीतीने मोजली गेली. मिसूरी नदीकाठच्या हॉवर्ड परगण्यात तर लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक लोक गुलाम होते. राइस यांचे कुटुंब याच परगण्यातल्या ग्लासगो गावच्या परिसरातले.

राइस यांचा जन्म १८१९ सालचा, व्हर्जिनियातला. मिसूरीत ते बेंजामिन लुइस या तंबाखूच्या बड्या व्यापाऱ्याच्या मालकीचे होते. पत्नी आणि मुले मात्र डिग्ज कुटुंबाकडे. मेरी बेल सांगतात, वडिलांना आईकडे यायची परवानगी आठवड्यातून दोनच रात्री होती, बुधवारी आणि शनिवारी. मुकादमाच्या माराने ते पुष्कळदा रक्तबंबाळ होऊन येत. आई अंगावरचे कपडे उतरवी, जखमा धुऊन त्यांना चरबी चोळी, कपडे धुऊन त्यांना इस्त्री करी आणि त्यांना स्वच्छ करून परत पाठवी. लहानग्या मेरीला वडील भेटत ते असे, आठवड्यातले दोन दिवस आणि बरेचदा जखमी. तरी त्या दोन रात्री ते घरी येत राहिले, ही या कुटुंबाच्या इतिहासातली पहिली नोंद आहे.

लुइस यांच्याकडे राइस यांचे काम साधे नव्हते. शेतातून आलेला तंबाखू वाळवून मुरवायचा, त्याचे पिळे वळायचे, वड्या पाडायच्या, हे सगळे त्यांच्या हाताखाली चाले. मालकाच्या मुलाने त्यांना वाचायला शिकवले होते. मिसूरीने १८४७ साली कृष्णवर्णीयांना लिहिणे-वाचणे शिकवणाऱ्या शाळांवर बंदी घातली होती, हे लक्षात घेतले तर या शिक्षणाची किंमत कळते. मेरी बेल म्हणतात, वडिलांनी मुक्तीची घोषणा इतर गुलामांना वाचून दाखवली आणि त्यानंतर त्या माणसांना कामाला लावणे मालकाला अवघड झाले. लिंकन यांची १ जानेवारी १८६३ ची घोषणा मिसूरीला लागू नव्हती. ती बंडखोर राज्यांपुरती होती आणि मिसूरी संघराज्यात राहिले होते. पण ज्याला वाचता येते त्याला वारा कुठून वाहतो आहे हेही कळते.

एकदा विनाकारण मार खाल्ल्यावर राइस पळाले. तीन दिवस आणि तीन रात्री ते घरांखाली आणि रानात लपून होते. गस्तवाले घोडेस्वार आपल्याला शोधताना त्यांना दिसत होते. शेवटी भुकेने थकून ते गुलामांच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेले आणि लुइसकडून आपल्याला विकत घे, अशी त्याला विनवणी केली. लुइस यांचे उत्तर मेरी बेल यांच्या घरात पिढीभर सांगितले गेले असणार: स्पॉटची (म्हणजे राइस यांची) किंमत देईल एवढा पैसा कोणाही मळेवाल्याकडे नाही. परत आल्यावर राइस यांनी मालकाला बजावले की पुन्हा चाबूक उगारलात तर मी पुन्हा पळेन, आणि मुक्त राज्याची जमीन लागेपर्यंत पळतच राहीन.

ते खरोखर निघाले ते फेब्रुवारी १८६४ मध्ये. त्यासाठी एक सरकारी दार उघडले होते. नोव्हेंबर १८६३ मध्ये मिसूरी विभागाचे सेनापती स्कोफील्ड यांनी १३५ क्रमांकाचा हुकूम काढला. मालक राजी असो वा नसो, गुलामाला सैन्यात भरती होता येईल, भरती होताच तो स्वतंत्र होईल, आणि मालक संघराज्याशी एकनिष्ठ असेल तर त्याला ३०० डॉलरपर्यंत भरपाई मिळेल, असा त्याचा आशय होता. मिसूरीतून ८,३४४ कृष्णवर्णीय सैन्यात गेल्याची अधिकृत नोंद आहे. मेरी बेल यांच्या आठवणीप्रमाणे वडील मळ्यावरचे आणखी अकरा उत्तम गडी घेऊन कॅन्सस सिटीला गेले. लष्करी नोंद मात्र भरती ग्लासगोला झाली असे सांगते. जागेबाबत लष्करी कागद ग्राह्य धरायला हवा, कारण तो त्या वेळचा आहे. पण इतरांना बरोबर घेऊन निघण्याचा मुद्दा लुइस यांच्या मळ्यावर राइस यांचे जे स्थान होते त्याच्याशी जुळतो, म्हणून तो टाकून देण्याचे कारण नाही.

या हुकुमात एक मोठी उणीव होती. शिपाई स्वतंत्र होई, त्याची बायकामुले नाहीत. उलट, नवरा सैन्यात गेला म्हणून मागे राहिलेल्या बायकामुलांवर मालकांनी सूड उगवल्याच्या तक्रारी त्या वर्षी मिसूरीतून सतत येत होत्या. म्हणजे भरती होणाऱ्या प्रत्येक बापापुढे पेच होता. न जावे तर सगळेच गुलामीत, जावे तर मुले शत्रूच्या हाती. राइस गेले, आणि सप्टेंबरपर्यंत दोन मुलगे, स्पॉट आणि नोआ, त्यांच्यापाशी आले होते. मुलींना लिहिलेल्या पत्रात या दोघांचा निरोप आहे. कोरा आणि मेरी या दोघी मात्र ग्लासगोतच अडकल्या होत्या. मेरी तेव्हा बारा वर्षांची होती.

आता पत्रांकडे येऊ. मुलींना लिहिलेले पत्र सुरू होते ते कोणत्याही बापाच्या पत्रासारखे: मी तुम्हाला विसरलो नाही, तुम्हाला भेटायची ओढ पूर्वीइतकीच आहे, वाट्याला येईल त्यात सध्या समाधान माना. मग लगेच शब्द येतो की जीव गेला तरी चालेल, पण तुम्हाला मिळवीन. त्याला तारीख आणि आकडे जोडलेले आहेत: महिन्याच्या २८ तारखेला आठशे गोरे आणि आठशे काळे शिपाई नदीने वर ग्लासगोकडे निघतील, त्यांत मी असेन, तुम्ही दोघी माझ्या हाती याल. धीर द्यायचा तर मोघम देऊन भागत नाही, मुलांना दिवस मोजता आले पाहिजेत, हे त्या बापाला ठाऊक होते. डिग्ज यांनी दिले नाही तर हे सरकार देईल, असेही ते लिहितात. तुम्हाला काही पाठवले नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, भेटाल तेव्हा तुमच्यासाठी माझ्यापाशी भरपूर आहे, असे ते समजावतात. आणि शेवटची ओळ नुसत्या भेटीच्या तळमळीची आहे.

याच पत्राच्या मध्यभागी त्यांचा आवाज बदलतो. मिस किटी म्हणतात की मी तुम्हाला चोरायचा प्रयत्न केला. त्यांना माझा निरोप सांगा. आपल्याच रक्तामांसाची चोरी होते असे देवाच्या मनात कधीच नव्हते. माणूस स्वतःचे मूल, तेही गुलामीतून, चोरतो असे म्हणणारी ही पहिलीच ख्रिश्चन मला भेटली. पत्र मुलींना आहे, पण ते कोण कोण वाचणार याची लिहिणाऱ्याला पुरती जाणीव आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या हाती तो तिच्या मालकिणीसाठी उत्तर देतो आहे. त्या निमित्ताने मुलींनाही एक गोष्ट शिकवतो आहे: तुम्ही कोणाच्या आहात याबद्दल त्या घरात जे सांगितले जाते ते खोटे आहे.

किटी डिग्ज यांना लिहिलेल्या पत्रात ओलावा नाही. कॅरोलाइन नावाच्या एकीच्या पत्रातून त्यांचा चोरीचा आरोप राइस यांना कळला होता. त्याला ते मुद्देसूद उत्तर देतात. मेरी माझी आहे आणि तिच्यावरचा हक्क मला देवाने दिला आहे. जितका काळ तिला धरून ठेवाल तितका काळ नरकात जळाल. हजारभर काळे शिपाई ग्लासगोवरून जाणार आहेत, आणि ज्यांची मुले तुमच्या हातात आहेत असे आम्ही त्यांत असू. जिथे भेटू तिथे आपण एकमेकांचे शत्रू. शेवटी, हे सगळे सरकार माझ्या पाठीशी आहे आणि तुमचा इलाज चालणार नाही.

या पत्रातल्या दोन तपशिलांपाशी थांबायला हवे. पहिला पैशाचा. राइस लिहितात, मी एकदा माझ्याच मुलीसाठी तुम्हाला चाळीस डॉलर देऊ केले होते. तुम्ही ते घेतले नाहीत याचा आज मला आनंद आहे. १८६४ च्या उन्हाळ्यापर्यंत कृष्णवर्णीय शिपायाच्या हाती महिन्याला सातच डॉलर पडत, गोऱ्याच्या तेरांच्या तुलनेत. त्या हिशेबाने चाळीस डॉलर म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांची कमाई. ती देण्याची तयारी असलेला माणूस आता नकाराबद्दल समाधान व्यक्त करतो, कारण पैसे दिले असते तर डिग्जबाईंची मालकी त्याने स्वतःच मान्य केल्यासारखे झाले असते. सौद्यापासून हक्कापर्यंतचा हा प्रवास त्यांनी एका वाक्यात नोंदवला आहे.

दुसरा तपशील खर्चाचा. माझ्या मुलांवर तुम्ही एका डॉलरचाही खर्च कधी केला नाहीत आणि आता त्यांना मालमत्ता म्हणता, असे ते सुनावतात. हा रागाच्या भरातला आरोप नाही, कारण त्याला मेरी बेल यांच्या मुलाखतीत स्वतंत्र आधार आहे. त्या सांगतात की सातव्या वर्षी मिस डिग्ज यांनी त्यांना एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या घरी तीन मुले सांभाळायला वर्षभर भाड्याने दिले, आणि पुढे दोन वर्षे एका बेकरीवाल्याकडे, तेही तीन मुले सांभाळायलाच. जेवणाच्या वेळी तट्टावर बसून शेतातल्या गड्यांना बोलवायला जाणे, स्वयंपाकघरातली मदत, अंडी गोळा करणे हेही त्यांच्याकडे होते. अशा कामाचा मोबदला मालकाला मिळे. म्हणजे सात वर्षांची मेरी त्या घराला कमावून देत होती. बापाने १८६४ मध्ये लिहिलेले आणि लेकीने १९३७ मध्ये सांगितलेले इथे एकमेकांना दुजोरा देतात.

त्या दिवशी कायदा मात्र डिग्जबाईंच्या बाजूचा होता. मिसूरीत गुलामी अजून कायदेशीर होती, आणि मालकिणीच्या घरातून मुलीला परस्पर नेणे ही कायद्याच्या भाषेत चोरीच ठरली असती. राइस यांचा सरकारवरचा विश्वास सरकारच्या पुढे धावत होता. त्यांच्यासारख्या बापांनी सैन्यात शिरून असे दावे मांडले, म्हणूनच सरकारला मागून यावे लागले.

ही पत्रे वाचली कोणी? एफ. डब्ल्यू. डिग्ज हे किटी यांचे भाऊ आणि ग्लासगोचे पोस्टमास्तर. १० सप्टेंबरला त्यांनी दोन्ही पत्रे मिसूरी विभागाचे नवे सेनापती रोझक्रान्स यांच्याकडे पाठवली. आपले घराणे संघराज्याशी एकनिष्ठ असल्याची ग्वाही दिली, असा अपमान आपल्याला सोसवत नाही असे सांगितले आणि या माणसाला राज्यात राहू देऊ नये अशी मागणी केली. या तक्रारीला जोडलेली म्हणून राइस यांची पत्रे विभागाच्या दप्तरात गेली आणि तिथून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोचली. बापाचा आवाज बंद करण्यासाठी केलेल्या खटपटीनेच तो टिकला. १९८२ साली आयरा बर्लिन, जोसेफ रायडी आणि लेस्ली रोलंड यांनी कृष्णवर्णीय सैनिकांची कागदपत्रे संपादित करून छापली, तेव्हा तो सर्वांसाठी खुला झाला.

पुढचे महिने ग्लासगोला भयंकर गेले. १५ ऑक्टोबरला गावावर चालून आली ती बंडखोर सेनापती प्राइस यांची फौज. २१ ऑक्टोबरला बिल अँडरसन या क्रूर टोळीप्रमुखाने बेंजामिन लुइस यांच्या घरात शिरून त्यांना अमानुष मारहाण केली आणि खंडणी वसूल केली. लुइस संघराज्याच्या बाजूचे होते आणि त्यांनी आपले गुलाम मुक्त केले होते, हा अँडरसनचा राग. १८६६ मध्ये लुइस वारले. त्यांच्या नावाचे ग्रंथालय ग्लासगोत आजही आहे. गावाच्या आठवणीतले दाते लुइस आणि मेरी बेल यांच्या आठवणीतले निर्दय मालक लुइस हे एकच गृहस्थ आहेत. ग्रंथालय पाहणाऱ्याने दुसरी आठवणही वाचलेली असावी.

११ जानेवारी १८६५ रोजी मिसूरीच्या घटनापरिषदेने गुलामी रद्द केली. पत्रे लिहून जेमतेम चार महिने झाले होते. ३ मार्चला अमेरिकेच्या काँग्रेसने कृष्णवर्णीय शिपायांच्या बायकामुलांना देशभर मुक्त केले. आणि त्याच वर्षी मेरी कुठे होती हे तिनेच सांगितले आहे: बेंटन बरॅक्समध्ये, शाळेत. लिंकन यांची हत्या झाली त्या वर्षी सहा-सात महिने ती शिपायांबरोबर बसून शिकली. वडील तिथेच इस्पितळात शुश्रूषेचे काम करत होते, आई लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देत होती आणि मेरी तिला हातभार लावत होती. आठशे अधिक आठशे शिपाई घेऊन येण्याचा शब्द ज्या तळावरून दिला, त्याच तळावर ती आता अक्षरे गिरवत होती. तिथून ती एका चर्चमधल्या शाळेत गेली, मग दुसऱ्या शाळेत, मग एका दुकानाच्या इमारतीत भरणाऱ्या तिसऱ्या शाळेत, अशी पाचेक वर्षे. मुलाखतीत हा सारा क्रम तिने रस्त्यांच्या नावांसह सांगितला आहे. मालकाच्या मुलाकडून वाचायला शिकलेल्या माणसाच्या मुलीला शाळांचे पत्ते सत्तर वर्षे पाठ होते. त्या काळच्या शिपायांना शिक्षणाची किती आस होती याचा आणखी एक दाखला म्हणजे मिसूरीच्याच ६२व्या आणि ६५व्या कृष्णवर्णीय पलटणींनी सहा हजारांहून अधिक डॉलर जमवून १८६६ साली जेफरसन सिटीत लिंकन इन्स्टिट्यूट सुरू केले.

राइस पुढे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे धर्मोपदेशक झाले. १८८२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कला, आज ग्रँट चॅपल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चच्या उभारणीत ते होते. नंतर ते कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेले आणि तिथेच १९०७ मध्ये वारले.

मेरी बेल यांची मुलाखत ही बेकार लेखकांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतली. १९३६ ते १९३८ या काळात तिच्यात २,३०० हून अधिक माजी गुलामांच्या आठवणी टिपल्या गेल्या. त्या वापरताना सावध राहावे लागते. टिपणारे बहुतेक गोरे होते, म्हाताऱ्या माणसांची बोली त्यांनी आपल्या कल्पनेप्रमाणे लिहिली, आणि स्वतःच्या जिल्ह्यातल्या मालकांबद्दल सगळेच मोकळेपणाने बोलले नाहीत. मेरी बेल मात्र मोकळेपणाने बोलल्या. आपल्या हालांपेक्षा आईवडिलांचे हाल आपल्याला अधिक आठवतात, असे त्या सांगतात. आणि त्या म्हणतात, मला सैनिक आवडतात: वडील, भाऊ, नवरा, मुलगा, सगळेच सैन्यातले. हक्कासाठी लढणारा माणूस आपल्याला आवडतो, हेही त्यांनी त्याच ओघात सांगितले.

अमेरिकेत पुष्कळ काळ असे मानले गेले की गुलामीने कृष्णवर्णीय कुटुंब मोडले आणि त्यातला बाप नाहीसा केला. १९६५ च्या मॉयनिहन अहवालाने या समजाला सरकारी वजन दिले. इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी १९७६ मध्ये मळ्यांच्या नोंदी, जन्मयाद्या आणि युद्धानंतरचे विवाहदाखले तपासून त्याचे सविस्तर खंडन केले: विक्री आणि ताटातूट सोसूनही ही कुटुंबे नाती जपत होती, मुलांना बापाची नावे देत होती. मुक्तीनंतर फिलाडेल्फियाच्या ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’ या पत्रात हरवलेल्या मुलांचा, आईबापांचा शोध घेणाऱ्या जाहिराती कितीतरी वर्षे येत राहिल्या. राइस यांचे कागद त्या मोठ्या पुराव्यातले ठळक पान आहे.

मराठी वाचकाला अमेरिकेच्या गुलाममुक्तीची ओळख जोतीराव फुल्यांनी करून दिली. १८७३ साली ‘गुलामगिरी’ त्यांनी त्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. त्या झटणाऱ्यांत एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय शिपाई होते, आणि त्यांतल्या अनेकांची लढाई आपल्या लेकरांसाठी होती. जोतीरावांच्या त्या कृतज्ञतेत या बापांचा वाटा धरणे हे न्यायाचे होईल.

बापाचा मुलांवर परिणाम काय होतो, याची मोजणी कठीण असते. इथे मात्र ती दोन तारखांत करता येते. १८६४ मध्ये एका बापाने बारा वर्षांच्या मुलीला लिहिले की तू कोणाचीही मालमत्ता नाहीस आणि मी तुला मिळवीन. १९३७ मध्ये त्याच मुलीला कोणती माणसे आवडतात याबद्दल तिने आपले मत सांगितले, तेव्हा तिने हक्कासाठी लढणाऱ्यांचे नाव घेतले आणि त्या यादीत वडिलांना पहिले ठेवले. स्पॉट्सवुड राइस यांचा दावा सरकारने मान्य केला, पण त्याहून आधी आणि त्याहून पक्का तो त्यांच्या लेकीने मान्य केला होता.